वृक्कविकार, मधुमेहजन्य : कोशिकीय ताणाच्या संकल्पनेचा इतिहास

दीर्घकाळ टिकलेल्या मधुमेहामुळे वृक्कांच्या (मूत्रपिंडांच्या) रचनेत व कार्यात क्रमाक्रमाने होणाऱ्या बिघाडास मधुमेहजन्य वृक्कविकार म्हणतात. मूत्रातून अल्ब्युमीन हे प्रथिन जाऊ लागणे, रक्तदाब वाढणे आणि वृक्कांची रक्त गाळण्याची क्षमता घटत जाऊन अखेरीस मूत्रविषरक्तता (मूत्राबरोबर बाहेर पडावयाची द्रव्ये रक्तात साचणे) होणे, ही त्याची सर्वसाधारण वाटचाल होय. ती पूर्ण होण्यास बहुधा १५ ते २५ वर्षे लागतात. सर्वच मधुमेही रुग्णांना हा विकार होत नाही. सु. ३० ते ४० टक्के रुग्णांना तो होतो आणि उरलेल्यांच्या रक्तातील शर्करा तेवढीच वाढलेली असूनही त्यांचे वृक्क पुष्कळ वेळा शाबूत राहतात. ह्या विषमतेचे स्पष्टीकरण देणे हाच गेल्या शंभर वर्षांतील संशोधनाचा एक मोठा हेतू राहिला आहे. जगातील अनेक देशांत अपोहनाची (कृत्रिम रीतीने रक्त शुद्ध करण्याची) गरज निर्माण करणाऱ्या कारणांत ह्या विकाराचा क्रमांक पहिला लागतो. भारतातील दीर्घकालिक वृक्कविकाराच्या नोंदणीपटावरील ५२,२७३ रुग्णांची माहिती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत सु. ३१ टक्के रुग्णांच्या विकाराचे मूळ मधुमेहात असल्याचे आढळले.

कोशिकीय ताण ह्या संज्ञेने कोशिकेच्या (पेशीच्या) अंतर्गत समतोलास धक्का देणारी अवस्था व त्या धक्क्यास कोशिकेने दिलेला प्रतिसाद अशा दोन्ही गोष्टी दर्शविल्या जातात. हा धक्का ऑक्सिजनाच्या विक्रियाशील रूपांचा असेल, चुकीच्या घडीच्या प्रथिनांचा असेल किंवा ऑक्सिजनाच्या तुटवड्याचा असेल. प्रतिसाद मूलतः संरक्षक असतो. तथापि तो फार काळ चालू राहिला, तर त्यातूनच कोशिकेचा नाश ओढवतो. मधुमेहात वृक्काचे नुकसान नेमके कोठे सुरू होते, रक्तवाहिनीत, रक्तदाबात, की कोशिकेच्या आत, ह्या प्रश्नाची उत्तरे काळानुसार बदलत गेली आहेत. प्रत्येक उत्तराबरोबर रुग्णाच्या हाती पडणारे औषधही बदलले.

प्रारंभीची निरीक्षणे : आयुर्वेदात प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले असून मधुमेह हा त्यांपैकी वातज प्रकारांत मोडतो. रुग्णाच्या मूत्राकडे मुंग्या आकर्षित होतात, ही खूणही प्राचीन वैद्यांना ठाऊक होती. यूरोपात टॉमस विलिस ह्या इंग्रज वैद्याने १६७४ मध्ये मूत्राच्या गोडीचा उल्लेख केला आणि मॅथ्यू डॉब्सन ह्यांनी १७७६ मध्ये ही गोडी शर्करेमुळे असून रुग्णाच्या रक्तद्रवालाही गोडसर चव असते, असे दाखवून दिले. मूत्र वृक्कात तयार होत असल्यामुळे मधुमेह हा मुळात वृक्काचाच रोग असावा, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. वृक्क हे कारण नसून परिणामस्थान आहे, हा विचार पुष्कळ उशिरा आला.

रिचर्ड ब्राइट (१७८९–१८५८) ह्यांनी १८२७ मध्ये अंगावरील सूज, अल्ब्युमीनयुक्त मूत्र आणि विकृत वृक्क ह्यांचा संबंध प्रस्थापित केला. त्यानंतर प्येर रेये (१७९३–१८६७) ह्या फ्रेंच वैद्याने १८३९–४१ ह्या काळात प्रसिद्ध झालेल्या आपल्या वृक्करोगांवरील ग्रंथात मधुमेहामुळे ब्राइट यांच्या रोगासारखा विकार होऊ शकतो, असे सुचविले. क्लोद बेर्नार (१८१३–७८) ह्यांना मधुमेही व्यक्तींचे वृक्क आकाराने मोठे असल्याचे आढळले होते. व्हिल्हेल्म ग्रीझिंगर ह्या जर्मन वैद्याने १८५९ मध्ये मधुमेही रुग्णांच्या ६४ शवपरीक्षांचा आढावा घेतला, तेव्हा सु. निम्म्या रुग्णांच्या वृक्कांत विकृती दिसून आली.

ह्यानंतरचे निरीक्षण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. नेपल्स येथील लुचानो आर्मानी ह्यांनी १८७७ मध्ये आणि गटिंगेन येथील व्हिल्हेल्म एबस्टाइन ह्यांनी त्यानंतर थोड्याच वर्षांत, मधुमेहाने मृत्यू आलेल्या रुग्णांच्या वृक्कनलिकांतील कोशिका फुगलेल्या व रिक्तिकायुक्त असल्याचे वर्णन केले. ह्या कोशिकांत ग्लायकोजेन साचलेले असते, असे पुढे निश्चित झाले. म्हणजेच मधुमेही वृक्कात सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम दिसलेली विशिष्ट विकृती रक्तवाहिनीतील नव्हती, ती नलिकेच्या कोशिकेतील होती. परंतु इन्शुलीन उपलब्ध झाल्यावर ती क्वचितच आढळू लागली आणि तिच्याबरोबर नलिकेची कोशिकाही विकृतिवैज्ञानिकांच्या विचारातून जवळजवळ नाहीशी झाली. ती परत येण्यास शंभर वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

इन्शुलीन आणि १९३६ हे वर्ष : टोराँटो येथे १९२१ मध्ये बँटिंग व बेस्ट ह्यांनी इन्शुलीन वेगळे केले आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम रुग्णास देण्यात आले. त्यापूर्वी बाल व तरुण रुग्ण काही महिन्यांत वा थोड्या वर्षांत बेशुद्धावस्थेत दगावत असत. वृक्क निकामी होण्याइतके आयुष्य त्यांना लाभतच नसे. इन्शुलिनामुळे ते जगू लागले आणि पंधरा-वीस वर्षांनी त्यांचे डोळे, वृक्क व तंत्रिका बिघडू लागल्या. औषधाच्या यशातूनच रोगाचा दुसरा चेहरा उघडा पडल्याचे असे ठळक उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात दुर्मिळ आहे.

हँबुर्गहून अमेरिकेत आलेले पॉल किमेलस्टील (१९००–७०) आणि इंग्लंडहून आलेले क्लिफर्ड विल्सन ह्यांनी बोस्टन येथे केलेल्या शवपरीक्षांवर आधारलेला निबंध १९३६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात आठ रुग्णांच्या केशिकागुच्छांत (वृक्कातील रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म केशिकांच्या पुंजक्यांत) केशिकांच्या दरम्यान गोलसर, काचेसारख्या दिसणाऱ्या गाठी वर्णिल्या होत्या. मधुमेहाशी असलेल्या संबंधावर लेखकांनी फारसा भर दिलेला नव्हता. तो संबंध आर्थर ॲलन ह्यांनी १९४१ मध्ये अधिक मोठ्या रुग्णसंख्येच्या आधारे पक्का केला. पुढे ह्या विकृतीस किमेलस्टील–विल्सन यांचे नाव मिळाले आणि मधुमेहजन्य वृक्कविकार म्हणजे केशिकागुच्छाचा रोग, हे समीकरण दृढ झाले.

त्याच १९३६ मध्ये माँट्रिऑल येथील हान्स सेल्ये (१९०७–८२) ह्यांनी, अगदी भिन्न स्वरूपाच्या अपायकारक गोष्टींना प्राण्याचे शरीर एकाच साच्याचा प्रतिसाद देते, असे प्रतिपादन करणारे टिपण प्रसिद्ध केले. शरीरक्रियाविज्ञानात ‘ताण’ ही संज्ञा रुळली ती पुढे त्यांच्याच लेखनामुळे. ह्या दोन लेखांचा त्या काळी एकमेकांशी काहीही संबंध नव्हता व तो असण्याचे कारणही नव्हते. सेल्ये यांचा ताण अधिवृक्क ग्रंथी व संपूर्ण शरीर ह्यांच्याविषयी होता. एका कोशिकेला ताण येतो, ही कल्पना अद्याप जन्माला यावयाची होती.

जीवोतक परीक्षा, अपोहन व वगळलेले रुग्ण : पॉल इव्हर्सन व क्लाउस ब्रून ह्या डॅनिश वैद्यांनी १९५१ मध्ये सुईने वृक्काचा तुकडा काढण्याची पद्धती वर्णिली, त्यामुळे जिवंत रुग्णातील वृक्काचे परीक्षण शक्य झाले. डेन्मार्कमधीलच रूथ ऑस्टर्बी ह्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने केशिकागुच्छाच्या आधारकलेची जाडी काळजीपूर्वक मोजली. मधुमेहाचे निदान होते त्या वेळी ही जाडी प्राकृत (सर्वसाधारण) असते आणि काही वर्षांनी ती वाढते, असे त्यांना आढळले. वृक्कविकार हा मधुमेहाचा जन्मजात जोडीदार असावा, असे त्या वेळी अनेक जण मानीत. ऑस्टर्बी यांच्या मोजमापांनी तो वाद जवळजवळ मिटविला. विकार शर्करेच्या मागोमाग येतो, हे ठरले.

रुग्णांची स्थिती मात्र बिकट होती. सिॲटल येथे १९६० मध्ये दीर्घकालिक अपोहन शक्य झाले, पण यंत्रे मोजकी असल्यामुळे कोणाला वाचवावयाचे हे समित्या ठरवीत आणि मधुमेही रुग्णांना सामान्यतः वगळण्यात येई. १९७२ मध्ये एका प्रमुख अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या लेखाच्या शीर्षकातच, मधुमेही रुग्णांच्या अपोहनाविषयीचे सत्य दुःखद आहे असे म्हटले होते. त्याच वर्षी अमेरिकेत अपोहनाचा खर्च शासनाने उचलण्याचा कायदा झाला आणि पुढील काळात वगळणूक हळूहळू संपली. मिनेसोटा येथे १९६६ मध्ये स्वादुपिंड व वृक्क ह्यांचे एकत्रित प्रतिरोपण प्रथम करण्यात आले होते. त्या परंपरेतून बत्तीस वर्षांनी निघालेला एक निष्कर्ष पुढे दिला आहे.

दाबाचा सिद्धांत : १९७० च्या दशकात कार्ल एरिक मोगेनसेन ह्यांनी दाखवून दिले की, मधुमेहाच्या प्रारंभी वृक्क मोठे झालेले असतात व त्यांची गालनत्वरा (दर मिनिटास गाळल्या जाणाऱ्या द्रवाचे प्रमाण) वाढलेली असते. बेर्नार यांच्या जुन्या निरीक्षणाला असा अर्थ प्राप्त झाला. बॅरी ब्रेनर व त्यांचे सहकारी ह्यांनी १९८० नंतरच्या वर्षांत उंदरांवरील प्रयोगांवरून असे मांडले की, केशिकागुच्छातील वाढलेला दाबच कालांतराने त्याचा नाश करतो. दरम्यान हॅरी कीन व क्लोव्हेराकिस ह्यांनी १९६३ मध्ये मूत्रातील अत्यल्प अल्ब्युमीन मोजण्याची किरणोत्सर्गी प्रतिरक्षामापन पद्धती तयार केली होती. जानकार्लो व्हिबेर्ती ह्यांनी १९८२ मध्ये अशा अत्यल्प अल्ब्युमिनावरून भावी वृक्कविकाराचे भाकीत करता येते, असे दाखविले.

दाबाच्या सिद्धांताचे फळ भरीव होते. मोगेनसेन व पार्व्हिंग ह्यांनी रक्तदाब उतरविल्याने वृक्काचा ऱ्हास मंदावतो हे सिद्ध केले. १९९३ मध्ये ४०९ रुग्णांवरील चाचणीत कॅप्टोप्रिल ह्या अँजिओटेन्सीन-परिवर्तक एंझाइमाच्या निरोधकामुळे मृत्यू, अपोहन व प्रतिरोपण ह्यांचा एकत्रित धोका निम्म्यावर आला. मात्र ऱ्हास मंदावला, थांबला नाही. ज्यांचा रक्तदाब उत्तम नियंत्रणात होता, अशा रुग्णांचेही वृक्क निकामी होत राहिले, त्यामुळे दाबाच्या पलीकडे काही तरी असले पाहिजे, ही जाणीव बळावली.

शर्करेच्या चार वाटा : शर्करा स्वतः कोशिकेला कशी इजा करते, ह्याचा शोध वृक्कात सुरू झाला नाही. रूथ व्हॅन हेनिंगेन ह्यांना १९५९ मध्ये मधुमेही उंदरांच्या नेत्रभिंगात सॉर्बिटॉल साचलेले आढळले, तेथून पहिली वाट निघाली. तेहरान येथील सॅम्युएल रहबार ह्यांनी १९६८ मध्ये मधुमेही रुग्णांच्या हीमोग्लोबिनाचा एक निराळा घटक ओळखला. शर्करा प्रथिनांना एंझाइमाच्या मदतीशिवाय चिकटते व अशा प्रथिनांपासून पुढे कायमची जोडबंधने तयार होतात, ही दुसरी वाट त्यातून स्पष्ट झाली. प्रोटीन कायनेज सी ह्या एंझाइमाची अतिक्रियाशीलता ही तिसरी आणि हेक्सोसमीन मार्ग ही चौथी होय. प्रत्येक वाट रोखणारी द्रव्ये तयार झाली व मधुमेही उंदरांत त्यांचा गुण आला. मानवात मात्र फारसे काही हाती लागले नाही. उदा., जोडबंधने रोखणाऱ्या ॲमिनोग्वानिडिनाची मोठी चाचणी आपले मुख्य उद्दिष्ट गाठू शकली नाही. उंदरात थोड्या आठवड्यांत निर्माण केलेला विकार आणि माणसात वीस वर्षे मुरलेला विकार ह्यांतील अंतर संशोधकांनी अनेकदा कमी लेखले, असे आता म्हणता येते.

ऑक्सिडीकारक ताण : जो मॅकॉर्ड व अर्विन फ्रिडोविच ह्यांनी १९६९ मध्ये सुपरऑक्साइड डिसम्युटेज ह्या एंझाइमाचे कार्य शोधून काढले. ऑक्सिजनाच्या विक्रियाशील रूपांपासून बचाव करणारी खास यंत्रणा सजीवांत आहे, हे त्यामुळे कळले. हेल्मूट सीस ह्यांनी १९८५ मध्ये ‘ऑक्सिडीकारक ताण’ ही संज्ञा रूढ केली. ‘ताण’ हा शब्द सेल्ये यांच्या संपूर्ण शरीरावरून असा एका कोशिकेपर्यंत उतरला.

न्यूयॉर्क येथील मायकेल ब्राउनली व त्यांचे सहकारी ह्यांनी २००० मध्ये बैलाच्या महारोहिणीतील अंतःस्तरीय कोशिकांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. वाढलेल्या ग्लुकोजामुळे कलकणूंत (कोशिकेतील ऊर्जानिर्मिती करणाऱ्या सूक्ष्म कणांत) सुपरऑक्साइडाची निर्मिती वाढते आणि ही वाढ रोखली असता वर सांगितलेल्या वाटा एकदमच बंद होतात, असे त्यांत दिसून आले. विखुरलेली निरीक्षणे एका मुळाशी आणणारा हा सिद्धांत अत्यंत आकर्षक होता व पुढील दहा वर्षे त्याचे वर्चस्व राहिले. ठराविक कोशिकाच का बिघडतात, ह्याचेही उत्तर त्यात होते. बहुतेक कोशिका रक्तातील शर्करा वाढली तरी आत येणाऱ्या शर्करेचे प्रमाण मर्यादित ठेवू शकतात. केशिकांच्या अंतःस्तरातील आणि केशिकागुच्छाच्या मेसँजियमातील (केशिकांना आधार देणाऱ्या भागातील) कोशिकांना ते नीट साधत नाही. हाइलिग व सहकारी ह्यांनी १९९५ मध्येच मेसँजियमाच्या कोशिकांत ग्लुकोजवाहक प्रथिन कृत्रिम रीत्या वाढवून पाहिले होते. तेव्हा भोवतालचे ग्लुकोज प्राकृत असूनही त्या कोशिका मधुमेहातल्याप्रमाणे आधारद्रव्य साठवू लागल्या. हा प्रयोग साधा असला, तरी त्याचे मोल मोठे आहे. बाहेर किती शर्करा आहे यापेक्षा आत किती शिरते हे निर्णायक ठरते, हे त्याने दाखवून दिले.

ऑक्सिडीकारक ताण हेच मूळ असेल, तर ऑक्सिडीकरणविरोधी द्रव्ये दिल्यास गुण यावयास हवा होता. तसा तो आला नाही. ई जीवनसत्त्व दररोज ४०० एकक ह्या प्रमाणात काही वर्षे दिलेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत मधुमेही रुग्णांच्या वृक्कविकारावर कोणताही परिणाम झाला नाही. ब गटातील जीवनसत्त्वे भारी मात्रेत दिलेल्या २३८ रुग्णांच्या कॅनडातील चाचणीत (२०१०) तर वृक्काचे कार्य उलट अधिक वेगाने घटले. २०१३ मध्ये सॅन डिएगो येथील संशोधकांनी जिवंत मधुमेही उंदरांच्या वृक्कांत मोजमाप केले, तेव्हा सुपरऑक्साइड वाढलेले नसून कमी झालेले आढळले. कलकणूंचे कामच मंदावले होते आणि ते पुन्हा सुरू केल्यावर सुपरऑक्साइड वाढले, पण वृक्क सुधारले. पात्रातील कोशिकांत काही तासांत घडणारी गोष्ट आणि अवयवात काही महिन्यांनी दिसणारी गोष्ट ह्या एक नसाव्यात, किंवा थोडा ताण कोशिकेला आवश्यकच असावा, असे दोन्ही अर्थ त्यातून काढण्यात आले. हा वाद पूर्णपणे मिटलेला नाही.

अंतर्द्रव्य जालिकेचा ताण : दुसरा धागा फळमाशीपासून सुरू होतो. फेर्रूच्चो रितोस्सा ह्या इटालियन आनुवंशिकीविज्ञांच्या प्रयोगशाळेत कोणी तरी उबवण-पेटीचे तापमान वाढवून ठेवले आणि माशीच्या अळीच्या लाला ग्रंथींतील गुणसूत्रांवर अनपेक्षित फुगवटे दिसले. हे निरीक्षण १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातूनच पुढे उष्णतेच्या आघाताने निर्माण होणारी साहाय्यक प्रथिने सापडली. इतर प्रथिनांची घडी नीट बसविणे हे त्यांचे काम. अंतर्द्रव्य जालिका हा प्रथिने तयार करून पाठविणारा कोशिकेचा विभाग असून तेथे बिघडलेली प्रथिने साचली की कोशिका साहाय्यक प्रथिने वाढविते, हे १९८८ मध्ये दिसून आले. ह्या साठ्याची खबर कोशिकेच्या प्रकलापर्यंत (केंद्रकापर्यंत) पोहोचविणारे प्रथिन पीटर वॉल्टर व काझुतोशी मोरी ह्यांच्या गटांनी १९९३ मध्ये यीस्टमध्ये स्वतंत्रपणे ओळखले. ही खबर प्रथम नवीन प्रथिने बनविणे कमी करते व साहाय्य वाढविते. पण ताण हटला नाही, तर तीच यंत्रणा कोशिकेला आत्मनाशाकडे नेते.

वृक्काच्या दृष्टीने हे महत्त्वाचे ठरण्यामागे पादकोशिका आहेत. केशिकागुच्छाभोवती पायांसारखे फाटे पसरून बसलेल्या ह्या कोशिका प्रथिने मोठ्या प्रमाणावर बनवितात आणि प्रौढपणी त्यांचे विभाजन जवळजवळ होत नाही. एक गेली की तिची जागा सहसा भरून निघत नाही. ॲरिझोना राज्यातील पिमा जमातीत मधुमेहाचे प्रमाण अतिशय मोठे असून त्यांचा अभ्यास १९६५ पासून चालू आहे. त्यांच्यापैकी वृक्कविकार झालेल्या व्यक्तींत पादकोशिकांची संख्या घटलेली असते, असे १९९७ मध्ये आढळले. लिंडेनमायर, कोहेन व सहकारी ह्यांनी २००८ मध्ये मानवी जीवोतकांत, प्रस्थापित मधुमेहजन्य विकार असलेल्या वृक्कांत अंतर्द्रव्य जालिकेच्या ताणाशी निगडित जनुके अधिक कार्यशील असल्याचे दाखविले. शिवाय नलिकेच्या कोशिकांना अल्ब्युमीन व ग्लुकोज भरपूर प्रमाणात दिल्यास हाच ताण निर्माण होतो, असेही त्यांना आढळले. ह्यावरून एक दुष्टचक्र लक्षात येते. गाळणीतून निसटलेले अल्ब्युमीन नलिकेच्या कोशिकांना परत शोषावे लागते, ते शोषताना त्यांच्यावर ताण पडतो आणि त्यांच्या नाशामुळे तंतुमय ऊतक वाढून उरलेल्या वृक्कावरचा बोजा वाढतो. फिनिलब्युटिरेटासारख्या, प्रथिनांच्या घडीस मदत करणाऱ्या द्रव्याने मधुमेही उंदरांतील अल्ब्युमीनमेह कमी झाला आहे. मानवातील उपचार म्हणून मात्र ही पद्धती रूढ झालेली नाही.

बार्डोक्सोलोनाचा प्रसंग : कोशिकेच्या ताणावर थेट उपचार करण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न ह्या औषधाचा. जपानी संशोधकांनी १९९० च्या दशकात एनआरएफ-२ हे प्रथिन कोशिकेच्या अनेक संरक्षक जनुकांना एकदम जागे करते, असे दाखवून दिले होते. बाहेरून ऑक्सिडीकरणविरोधी द्रव्य देण्याऐवजी कोशिकेचीच यंत्रणा चालविणे अधिक श्रेयस्कर, हा तर्क सयुक्तिक होता. ओलिॲनॉलिक अम्ल ह्या वनस्पतिजन्य द्रव्यापासून संश्लेषित केलेले बार्डोक्सोलोन मेथिल हे ह्या प्रथिनास उत्तेजित करते. २०११ मध्ये २२७ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभर औषध घेणाऱ्यांची गालनत्वरा घटण्याऐवजी वाढली. वृक्कविकारात असे कधी घडलेच नव्हते, त्यामुळे मोठी आशा निर्माण झाली. मूत्रातील अल्ब्युमीनही वाढल्याचे काहींनी निदर्शनास आणले, पण त्याकडे तितकेसे लक्ष गेले नाही.

त्यानंतर अधिक गंभीर विकार असलेल्या २,१८५ रुग्णांवर मोठी चाचणी सुरू झाली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये ती मध्येच थांबवावी लागली. औषध घेणाऱ्या गटात हृद्‌निष्फलतेमुळे रुग्णालयात दाखल झालेल्या किंवा मृत्यू पावलेल्या रुग्णांची संख्या ९६, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्या गटात ती ५५ होती. एकूण मृत्यू अनुक्रमे ४४ व ३१ होते. वृक्क निकामी होण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नव्हता. औषधाने काही रुग्णांच्या शरीरात क्षार व पाणी साठविले, असे नंतरच्या विश्लेषणावरून दिसते. गालनत्वरा वाढली म्हणजे वृक्क बरा झाला, हे गृहीतच तपासून घेणे आवश्यक होते. मोगेनसेन यांनी चाळीस वर्षांपूर्वी वाढलेल्या त्वरेला रोगाचेच पहिले पाऊल म्हटले होते.

नलिकेचे पुनरागमन : वृक्काचे वजन शरीराच्या सु. ०·५ टक्का असते, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा २० ते २५ टक्के भाग त्याला मिळतो. दररोज सु. १८० ग्रॅ. ग्लुकोज गाळले जाऊन नलिकेच्या पहिल्या भागात जवळजवळ संपूर्णपणे परत शोषले जाते. मधुमेहात हा भार वाढतो, शोषणास लागणारा ऑक्सिजन वाढतो आणि नलिकेच्या कोशिका ऑक्सिजनाच्या तुटवड्याच्या सीमेवर काम करू लागतात. आर्मानी व एबस्टाइन यांनी पाहिलेल्या कोशिका ह्याच भागातील होत.

हे शोषण रोखणारे द्रव्य जुनेच होते. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये फ्लोरिझीन वेगळे करण्यात आले आणि त्यामुळे मूत्रातून शर्करा जाते, हे योझेफ फोन मेरिंग ह्यांनी १८८६ मध्ये दाखवून दिले. त्याच्या धर्तीवर तयार केलेली सोडियम–ग्लुकोज सहवाहक-२ ची निरोधक औषधे प्रथम केवळ रक्तशर्करा कमी करण्यासाठी आली. २०१५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनाच्या चाचणीत हृद्‌रोगाने होणारे मृत्यू घटले. २०१९ मध्ये ४,४०१ मधुमेही वृक्करुग्णांवरील कॅनाग्लिफ्लोझिनाची चाचणी लाभ स्पष्ट दिसल्यामुळे मुदतीपूर्वी थांबविण्यात आली. मुख्य धोका ३० टक्क्यांनी कमी झाला होता. २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनाने मधुमेह नसलेल्या वृक्करुग्णांनाही असाच लाभ होतो, असे सिद्ध झाले. म्हणजे हा लाभ केवळ शर्करा उतरल्यामुळे नाही. केशिकागुच्छातील दाब कमी होणे हे त्याचे एक स्पष्टीकरण आहे व नलिकेच्या कोशिकांवरील भार हलका होऊन त्यांचा ताण निवळणे हे दुसरे. दोन्ही एकाच वेळी खरी असण्यास हरकत नाही, आणि दाबवादी व कोशिकावादी पक्षांतील जुना भेद येथे पुष्कळसा अर्थहीन होतो. फिनेरेनोन (२०२०) व सेमाग्लुटाइड (२०२४) ह्या औषधांच्या चाचण्यांतही अनुक्रमे १८ व २४ टक्के घट आढळली.

विकृतीचे परतणे : मधुमेहाच्या पहिल्या प्रकारच्या १,४४१ रुग्णांवरील अमेरिकन चाचणीत (१९९३) शर्करेच्या काटेकोर नियंत्रणाने प्रारंभिक अल्ब्युमीनमेहाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. चाचणी संपून दोन्ही गटांतील शर्करा सारखी झाल्यावरही पहिल्या गटाचा लाभ वर्षानुवर्षे टिकून राहिला. कोशिकांत मागील काळाची काही खूण राहते, असा त्याचा अर्थ लावला जातो. गुणसूत्रांतील प्रथिनांवर ताणाच्या काळात झालेले रासायनिक फेरबदल ही ती खूण असावी, असे मत आहे.

मिनेसोटा येथील प्रतिरोपणांच्या परंपरेत पाओला फिओरेत्तो, मायकेल मावर व सहकारी ह्यांनी स्वतःचे वृक्क कायम असून केवळ स्वादुपिंडाचे प्रतिरोपण झालेल्या आठ रुग्णांच्या जीवोतकांची तपासणी केली. प्रतिरोपणानंतर रक्तशर्करा पूर्णपणे प्राकृत झाली होती. पाच वर्षांनी वृक्कांतील विकृतीत काहीच सुधारणा नव्हती. दहा वर्षांनी आधारकलेची जाडी व मेसँजियमाची वाढ उतरलेली दिसली आणि काहींमध्ये किमेलस्टील–विल्सन गाठीही नाहीशा झाल्या होत्या. हे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षांच्या तपासणीवरच काम थांबले असते, तर ही विकृती कायमची असते, असाच निष्कर्ष नोंदला गेला असता.

रुग्णाच्या कोशिकांवर किती ताण आहे हे सांगणारी कोणतीही चाचणी अद्याप नेहमीच्या वापरात आलेली नाही. निदान आजही मूत्रातील अल्ब्युमीन व रक्तातील क्रिॲटिनीन ह्यांच्या मोजमापावरच होते. मधुमेह दुसऱ्या प्रकारचा असल्यास निदानाच्या वेळेपासून आणि पहिल्या प्रकारचा असल्यास पाच वर्षांनंतर ही दोन्ही मोजमापे दरवर्षी करावी लागतात.